हरकत कसली

चौगुल्यांच्या मसाल्याच्या पाकिटावर माझा फोटो छापून आला, त्या सकाळी माझं हसू गेलं. तोंड जागच्या जागी होतं, दात होते, चहाही नेहमीसारखा लागला. पण दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर जास्त दे रे' असं सांगताना तोंडावर जे आपोआप यायचं, ते आलं नाही. मी ओठ ताणून पाहिले. दूधवाला म्हणाला, "दाढ दुखत्या काय मावशी?" मी नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं.

हसू कुठे गेलंय ते दुपारी कळलं. कोपऱ्यावरच्या दुकानात 'घरधनीण मसाले'ची नवी पाकिटं दोरीला लटकत होती आणि प्रत्येकावर मी होते. प्रत्येकावर हसत होते. डावा गाल थोडा वर, एक सुळा जरासा बाहेर, म्हणजे अस्सल माझंच. त्यात खोट काढायला जागा नव्हती. खाली लिहिलं होतं, 'आईच्या हातची चव, आता बाजारात.' मी एक पाकीट विकत घेतलं. स्वतःचं हसू विकत घ्यायची वेळ यावी ह्याचा मला संताप आला, आणि तो चेहऱ्यावर व्यवस्थित आला. म्हणजे राग शाबूत होता.

परवानगी मी दिली होती, नाही कशाला म्हणू. शेजारच्या इनामदारवहिनींकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला प्रमोद कोष्टी गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता. मी डाळ वाढत होते. तो म्हणाला, "वैनी, काढू का एक?" मी म्हटलं, "काढा की, त्यात काय विचारायचं!" पुढे एकदा धनपाल चौगुल्यांचा फोन आला. "वैनी, त्यो प्रमोदनं काढल्याला फोटो जरा धंद्यासाठी वापरला तर हरकत न्हाई न्हवं?" कढईत पुरी फुगली होती. मी म्हटलं, "छे छे, हरकत कसली!" आता ह्याला काय परवानगी म्हणायचं? आमच्यात हे कुणालाही म्हणतात. पाहुणा म्हणाला आज मुक्काम करतो, तरी हरकत कसली. कुणी पायावर पाय दिला, तरी हरकत कसली. 'मला हरकत आहे' हे वाक्य मी आजवर फक्त नाटकातल्या वकिलाच्या तोंडून ऐकलं होतं.

आमचे हे शाळेत मराठी शिकवायचे. आता घरीच असतात. पाकीट बघून ते म्हणाले, "भीड ही भिकेची बहीण," आणि पाकीट पाण्याच्या तांब्याला टेकवून जेवायला बसले. जेवता जेवता ते पाकिटाकडे बघून हसत होते. पाकीटही हसत होतं. मी वाढत होते.

एवढं सगळं मी चालवूनही घेतलं असतं. ह्या वयात हसायचे प्रसंग तरी किती येतात! पण संध्याकाळी ऋताचा फोन आला. ऋता म्हणजे आमची एकुलती एक. कोइमतूरला नोकरीला आहे, आणि गेल्या वर्षी तिला सुट्टीच मिळाली नव्हती.

"आई, रजा मिळाली! रविवारी येतेय. बाबांना स्टँडवर पाठव. तू दारात थांब."

तू दारात थांब, हे तिचं लहानपणापासूनचं. शाळेतून येताना ती कोपऱ्यावरून आधी मला दारात बघायची. मी हसले की पळत सुटायची. एखाद्या दिवशी माझं लक्ष नसलं, हसायचं राहिलं, तर तिथेच उभी राहायची. आपलं काहीतरी चुकलंय असं समजून चपलेनं माती उकरत बसायची, घरी यायचीच नाही. रविवारी मी दारात काय घेऊन उभी राहणार होते? फोन ठेवला तेव्हाच मी ठरवलं, रविवारच्या आत हसू परत आणायचं. बाकी काही नको.

चौगुल्यांचं ऑफिस त्यांच्या कांडप गिरणीच्या वर आहे. खाली दिवसभर तिखट कांडतात, त्यामुळे वर सगळे शिंकत बोलतात. चौगुले माणूस वाईट नाही. मला बघून उठून उभे राहिले.

"या, बसा की वैनी. तुमच्यामुळं माल उडतोय बगा. कोल्लापूरवाले रोज फोन करत्यात."

प्रमोद कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसला होता. त्यानं हात जोडले. कॅमेरा त्याच्या गळ्यातच होता. बहुधा आंघोळीलाही काढत नसावा.

मी वाटेत घोकून आले होते ते म्हटलं. "चौगुलेसाहेब, पाकिटावरचं मला काही कळत नाही. माझा फोटो काढा."

"काढूया की!" चौगुल्यांचा चेहरा उजळला. "मी म्हणणारच हुतो, पर म्हटलं वैनींना त्रास कशाला. प्रमोद, वैनींचा फोटो काढ."

"अहो तसं नव्हे..." म्हणत मी त्याला थांबवायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात उजेड झाला.

"हात लई भारी आलाय," प्रमोद कॅमेऱ्यात बघत म्हणाला. "पळी धरल्यागत."

मी माझा हात बघितला. पाचही बोटं होती, मनगटावरचा तेलाचा जुना डागही होता. मला वाटलं, ह्या खेपेला काही गेलं नाही. घरी येऊन आमटी केली. ह्यांनी पहिला भुरका मारला आणि विचारलं, "पाणी गरम केलंयस का?"

मी चाखून बघितली. चिंच होती, गूळ होता, फोडणी खमंग होती, डोळ्यांना सगळं दिसत होतं. चव कशालाच नव्हती. ह्यांनी पाकीट फोडलं, चमचाभर मसाला वाटीत ढवळला, पुन्हा भुरका मारला आणि डोळे मिटले. "आता कशी तुझ्या हातची झाली!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी चौकात मोठा फ्लेक्स लागला. त्यावर माझं हसू होतं आणि माझा हात होता, आणि हातात पळी होती. पळी कुठून आणली कोण जाणे. ती तेवढी माझी नव्हती.

घडलं ते मी ह्यांना सांगितलं. माझं दुःख त्यांना कळलं, पण आधी त्यांना व्याकरण कळलं.

"चूक क्रियापदाची आहे," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. "भिंतीवरून उचलतात तोही फोटो काढणंच, आणि कॅमेऱ्यानं घेतात तोही काढणंच. तू म्हणालीस काढा. त्यांनी काढला. त्यांचा काय दोष?"

"मग काय म्हणू?"

"उतरवा म्हण. माझा फोटो उतरवा. स्वच्छ मराठी आहे. ओझं उतरवतात, भूत उतरवतात, तसा फोटो."

मला ते पटलं. मी पुन्हा गिरणीचा जिना चढले, धापा टाकत होते तरी एका दमात म्हटलं, "चौगुलेसाहेब, माझा फोटो उतरवा."

चौगुले खुर्चीतून उठले. मग त्यांचे डोळे भरून आले. तिखटानं असेल. "आमचं आज्जा आसंच म्हणायचं," ते म्हणाले. "फोटो उतरवायचा. कोट घालून सांगलीला जायचं, स्टुडिओत. आता कोण बोलतंय वैनी इतकं चांगलं? प्रमोद, वैनींचा फोटो उतरव. समोरनं घे. आख्खा."

मी जिन्याकडे पळाले. तर प्रमोद आधीच जिन्यात उभा होता. उजेड झाला.

ह्या खेपेला माझी समोरची बाजू गेली.

मला ते लगेच कळलं नाही, कारण मला समोरचं सगळं दिसत होतं. खाली मिरच्या निवडणाऱ्या बायकांना मी 'येते गं' म्हटलं, तर एक म्हणाली, "मावशी, पाठमोऱ्या कशाला बोलताय? रुसलाय काय?" भाजीवालीनं सुटे पैसे माझ्या खांद्यावरून पुढे केले. घरी आले तर हे म्हणाले, "अगं, इकडे तोंड कर की."

"केलंय."

ते उठून माझ्या दुसऱ्या बाजूला आले. तिकडूनही त्यांना पाठच दिसली. त्यांनी माझ्याभोवती हळूहळू एक फेरा मारला, देवळात मारतात तसा, आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन उभे राहिले.

"अंबाडा छान आलाय आज," म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, एवढं मला कळलं.

त्या दिवशी आम्ही दोघं बराच वेळ तशीच बसलो. त्यांनी शब्दकोश काढला, पानं चाळली, मिटला. "वैजू, मराठीत फोटो एकदा काढला की परत घालता येत नाही बहुतेक," ते म्हणाले. "घालतात तो हार." आणि मग जीभ चावली. मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्याला हसू लागतं. मी रडले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं होतं तरी काय त्यांच्यापुढे?

ऋता यायला फार वेळ उरला नव्हता. मी पदर खोचला आणि पुन्हा गेले. आता क्रियापदच नको, असं मी ठरवलं होतं. चौगुले चहा पीत होते. मी म्हटलं, "मला हरकत आहे."

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. घशातून माशाचा काटा बाहेर यावा तसं ते बाहेर आलं. खाली गिरणी बंद पडली. प्रमोदनं कॅमेऱ्यावर झाकण लावलं. चौगुल्यांनी कप बशीत ठेवला.

"हरकत आसंल तर विषयच संपला," ते म्हणाले. "ज्येचा फोटो त्येची परवानगी. बिगरपरवानगीचं आपुन काय करत न्हाई. आपला धंदाच त्येच्यावर हाय. पर वैनी, रागावू नका, फोटो तुमचाच कशावरनं?"

"म्हणजे? माझाच आहे. बघा की माझ्याकडं!"

"बगतोय की. पाठ दिसत्या." ते उठले, खुर्ची उचलून माझ्या पलीकडे नेली, बसून नीट बघितलं. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. "हिकडनंबी पाठच हाय. आता पाठीवरनं मी कसं वळखू? उद्या कुणीबी पाठ घिऊन यील आन् म्हणंल, फोटो माझा हाय."

"मग मी काय करू?"

"आपुन त्यास्नीच इचारूया," चौगुले म्हणाले. "फोटोतल्यांना. त्या म्हणतील तसं."

आम्ही तिघं चौकात गेलो. फ्लेक्सवरची मी आमच्या घरापेक्षा उंच होते. खालून जाणारे रिक्षावाले 'काय मावशी' म्हणून हात करत होते. कुणीतरी खालच्या बांबूला मोगऱ्याचा गजरा अडकवला होता. ती सगळ्यांकडे बघून हसत होती, माझ्या हसण्यानं, माझ्या समोरच्या बाजूनं, हातातली पळी पुढे करून. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. आपण इतक्या चांगल्या दिसतो हे मला कुणी कधी बोललं नव्हतं.

प्रमोद शिडी लावून वर चढला. तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यानं अदबीनं विचारलं, "वैनी, ह्या बाई म्हणत्यात फोटो काढा. काढू का?"

"काढा की, त्यात काय विचारायचं!" ती म्हणाली. आवाज माझाच. सगळ्या चौकात घुमला.

प्रमोदनं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. संध्याकाळपर्यंत स्टँडवर एक फ्लेक्स लागला, सरकारी दवाखान्याच्या वळणावर एक, माधवनगर रोडला एक. मला माझा असा राग आला! इतकी कशी बाई भिडस्त ही! एकदा तरी नाही म्हणून बघायचं. पण ते कुणाला सांगणार? सांगायला जावं तर ती पळी पुढे करून हसत होती.

संध्याकाळी मी चौगुल्यांना गाठून त्यांचा सदरा धरला. भर चौकात धरला, लाज गेली होती माझी. "ते काही मला माहीत नाही. माझं मला परत द्या."

चौगुल्यांनी विचार केला. मग तोंडाशी हाताचा कर्णा करून वर ओरडले, "वैनी! ह्या बाईंच्या घरी जायला तुमची हरकत न्हाई न्हवं?"

"छे छे, हरकत कसली!"

"झालं की मग," चौगुले मला म्हणाले. "उद्या आणून देतो. टेंपोचं भाडं आमच्याकडं लागलं."

मी घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते. परत मिळणार! वाटेत चक्का घेतला, ऋताला श्रीखंड आवडतं म्हणून. दुकानदाराला मी म्हटलं, "लेक येतेय." तो माझ्या अंबाड्याला म्हणाला, "अरे वा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो आला. हे केस कापायला गेले होते, लेक येणार म्हणून. मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. माणसांनी लोखंडी चौकट उतरवली, दोऱ्या उतरवल्या, आणि गुंडाळी केलेली ती. प्रमोद म्हणाला, "आणल्या बघा वैनी. जरा आत व्हा, बोटबीट सापडंल."

मी आत झाले. माणूस चांगल्यासाठी सांगतोय, आपण ऐकतो.

त्यांनी घराच्या तोंडावर चौकट ठोकली आणि फ्लेक्स ताणला. कट्ट्यापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत. दार गेलं, खिडकी गेली, तुळस गेली. आत दुधी उजेड झाला. माझ्यासमोर फ्लेक्सची मागची पांढरी बाजू होती आणि त्यावर 'आईच्या हातची चव' उलट्या अक्षरांत पुसट दिसत होतं. मी दोन्ही हातांनी बडवलं.

"कोपरा हलतोय," बाहेरून चौगुल्यांचा आवाज आला. "घट्ट करा रे. वैनींचं घर हाय."

त्यांनी घट्ट केलं. टेंपो गेला.

मी सुरी आणली. टोक पांढऱ्या कापडाला लावलं आणि माझ्याच गालावर चुरचुरलं. हात लावून बघितला तर बोटाला रक्त. सुरी ठेवून दिली. फाटक्या गालानं लेकीपुढे उभी राहणार नव्हते मी. मग मागच्या दारानं जाऊ म्हणून मागचं दार उघडलं, तर पलीकडे आमचंच स्वयंपाकघर होतं. ओट्यावर चक्का टांगलेला, दुधावर जाळी. मी आत गेले, त्याही स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. पुन्हा चक्का, पुन्हा जाळी. फोटोच्या मागे फक्त मागचीच बाजू असते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

दुपारी ह्यांच्या चपला वाजल्या, काठी वाजली.

"अगं, दार कुठाय?"

"फ्लेक्सच्या मागं. ऐका, मागल्या बाजूनं या. मला काही बाहेर पडता येत नाही."

ते गेले. घराला वळसा घालताना काठीचा आवाज येत होता. मग तो पुन्हा समोरच आला. "मागची बाजू सापडत नाही," ते म्हणाले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मला काठी ऐकू आली नाही. भांड्याचा आवाज आला.

"काय करताय?"

"जेवतोय," ते म्हणाले. "भूक लागली होती गं."

"वाढलं कुणी?"

भांड्याचा आवाज थांबला. मग हळू आवाजात म्हणाले, "तूच."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण तिखट सोसत नाही तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, ते ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग राग आला.

रविवारी उजाडलं तेव्हा मागची भिंत पुढे आली होती. माजघर निघून गेलं होतं. पलंग, कपाट, लग्नातला आरसा, सगळं भिंतीच्या आत गेलं होतं आणि भिंतीवर नुसते फुगवटे दिसत होते. उरला होता ओटा, शेगडी, एक पातेलं, डब्यांची फळी, आणि मी. पाठ भिंतीला लागत होती आणि नाक फ्लेक्सला. वळायला जागा नव्हती. पण स्वयंपाकाला फार जागा लागत नाही. मी चिंचगुळाची आमटी टाकली. लेक प्रवासातून येणार, आल्या आल्या तिला हीच लागते.

ऊन फ्लेक्सवर आलं तशा बाहेरच्या सावल्या मला दिसायला लागल्या. कोपऱ्यावर रिक्षा थांबली. एक सावली काठीची, म्हणजे हे. एक सावली पाठीवर बॅग घेतलेली. तिची मान जराशी डावीकडे कललेली होती, जन्मल्यापासून आहे तशी. ती सावली कोपऱ्यावरच थांबली.

मी ओठ ताणले. काही आलं नाही. तेवढ्यात माझ्यासमोरचं कापड वर डावीकडे ताणलं गेलं. डावा गाल. फ्लेक्सवरची ती हसली होती.

पावलं पळत आली. "आई!"

"आलीस? दमलीस का गं?" मी म्हटलं, आणि तीही म्हणाली, एकाच श्वासात. तिचं बाहेर गेलं. माझं पातेल्यावर पडलं.

"किती बारीक झालीस," ती म्हणाली. हेही मीच म्हणणार होते.

"ऋता!" मी ओरडले. "ऋता, मी मागे आहे! इकडे, मागे! ऋतू!"

"आतून कसला आवाज येतोय?" ऋता म्हणाली.

"आमटी उकळतेय गं," ती म्हणाली. आणि उकळत होतीच.

हे खोकले. मी वाट बघितली. आता बोलतील, आता बोलतील. शब्दकोशातला कुठला तरी एक शब्द तर असेल माणसाजवळ! ते पुन्हा खोकले आणि म्हणाले, "बॅग दे इकडं, जड असेल."

"चव बघू दे ना," ऋता म्हणाली. सावलीनं हात खोलगट केला आणि पुढे धरला. लहानपणी ओट्याला टाचा उंचावून असाच धरायची. वर मी पळीतून थेंबभर सोडायची, भाजलं की तिनं 'हा हू' करायचं आणि चाटून टाकायचं.

फ्लेक्समधून पळी मागे आली. माझ्या पातेल्यात बुडाली, भरली आणि पुढे गेली. मी श्वास धरून उभी राहिले. माझ्या हातानं केलेली होती ती, बेचव होती. एकच थेंब, की ऋताला कळणार होतं. ती म्हणणार होती, ही आमची आमटी नव्हे, आणि मग मागे कोण आहे ते बघणार होती. आईच्या हातची आमटी लेक ओळखत नाही असं कधी झालंय? बाहेर जीभ टाळ्याला लागल्याचा आवाज आला.

"अगदी हीच," ऋता म्हणाली. "आई, मेसमध्ये मी हीच आठवत बसायची गं. हीच चव." मग पुन्हा एकदा तळवा चाटला. "मीठ तेवढं जरा कमी आहे."

पळी थांबली. कापड मनगटाएवढं बाजूला झालं आणि दुसरा हात मागे आला, पालथा नव्हे, उताणा, बोटं जवळ घेतलेली. मनगट माझंच होतं. ती मागे वळली नाही. वळून मला काय दिसणार होतं? पाठ तिला नव्हतीच, पाठ माझ्याकडे होती. हात तसाच पसरलेला राहिला. बाहेर ऋताचा हातही पसरलेलाच होता.

हातावर मीठ देऊ नये, भांडण होतं, असं आमच्यात म्हणतात. खाली ठेवावं, ज्याला हवं त्यानं उचलावं.

मी फळीवरची बरणी काढली, आत हात घातला, आणि मूठ भरून दिलं.